नाल्यावरचा डबा

कापगते काकांनी सत्यनारायणाच्या तीर्थात मीटर बुडवलं तेव्हा गुरुजींचा पळी धरलेला हात तसाच हवेत राहिला. पूजा आमच्याच घरी होती. काकांनी तीर्थाची वाटी स्वतःकडे ओढली, खिशातून पाण्यातले क्षार मोजणारं, पेनासारखं दिसणारं मीटर काढलं, टोपण उघडलं आणि टोक पाण्यात धरलं. आकडा ठरेपर्यंत मागची सगळी रांग थांबली. मग त्यांनी मीटर रुमालाला पुसलं, टोपण लावलं आणि गुरुजींना सांगितलं, "नॉर्मल आहे, पण मले आवडून नाही राहिलं." त्यानंतर रीतसर तीर्थ घेऊन हात डोक्यावरून फिरवला. देवाशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. शंका पाण्याबद्दल होती.

हे वाक्य वैशाली नगरातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. लग्नाचं स्थळ, नवा गॅस सिलिंडर, शेजारच्याचा रक्तदाब, नातवाचे मार्क, काहीही समोर आलं की काका ते आधी नीट पाहतात, नॉर्मल असल्याचं मान्य करतात आणि आवडलं नसल्याचं नोंदवतात.

भिलाईत प्लांटमधून रिटायर झालेली माणसं गल्लीगल्लीत आहेत आणि प्रत्येकाने तिथून काहीतरी घरी आणलेलं असतं. कोणाला सायरनशिवाय जेवण जात नाही, कोणी बायकोला शिफ्ट लावून देतो. काका इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये होते. भट्टीचं तापमान, पाण्याचा दाब, वायूचं प्रमाण दाखवणारी यंत्रं खरं बोलत आहेत ना, हे पाहणं त्यांचं काम. या कामात काही घडलं नाही तर दिवस चांगला गेला असं समजतात. काकांची सगळी नोकरी काहीतरी घडेल याची वाट पाहण्यात गेली. घडलं नाही. वाट पाहणं मात्र त्यांच्याबरोबर रिटायर झालं नाही.

ते स्कूटर नेहमी उलटी, तोंड रस्त्याकडे करून लावतात. पळायची वेळ आली तर वळवायला लागू नये म्हणून. देवळाच्या दोन पायऱ्या चढतानाही कठडा धरतात, आणि कठडा नसेल तर पुजाऱ्याला त्याबद्दल विचारतात. मंगल कार्यालयात शिरल्यावर वधूवरांना भेटण्याआधी बाहेर पडायचे दरवाजे पाहून येतात. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी मुलाच्या मामांना आदराने विचारलं होतं, "आग लागली तर वऱ्हाड कुठं जमा करायचं ठरलं आहे?" मामा कापडाचे व्यापारी. ते जेवल्याशिवाय निघून जायच्या बेतात होते.

सेक्टरातला गुपचुपवाला, म्हणजे पाणीपुरीवाला, काका दिसले की गाडी पुढे ढकलतो. एकदा त्याच्या चिंचेच्या पाण्यात त्यांनी मीटर धरलं. मीठ, मसाला, चिंच. आकडा चढत चढत गेला आणि पडदा कोरा झाला. काका गाडीभोवतीच्या बायकांकडे वळून म्हणाले, "मीटर संपलं." त्यांनी एवढंच सांगितलं. बायकांनी द्रोण ठेवले.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. तलावाचं पाणी पाटाने वळवून शेताशेतांत वाटायचं, हे त्यांच्या घराण्याचं काम आजोबांपर्यंत चाललं. वडील प्लांटमध्ये लागले आणि ते सुटलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी मीना पद्मनाभपूरला राहते आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे बाबांना घाबरायला रोज नवीन काहीतरी लागतं. रिटायर झाल्यावर काकांनी फंडाच्या पैशातून भिलाईजवळच्या उतईच्या पलीकडे एक तुकडा घेतला. भाजीपाल्याची जमीन, तिकडे तिला बाडी म्हणतात. खालून नाला जातो. काठच्या सगळ्या बाड्या पंप लावून त्याच नाल्याचं पाणी घेतात. नाल्याच्या वरच्या अंगाला लहानमोठ्या शेडी आहेत. तिथे लोखंडी सामान तेजाबात धुऊन त्यावर मुलामा चढवतात. धुतलेलं पाणी कुठे जातं, असं काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं. उत्तर कोणी दिलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं.

मग डबा आला.

निळ्या प्लास्टिकच्या एका बंद पिंपाला काकांनी 'डबा' हे नाव दिलं. तो नाल्यात दोरांनी बांधून तरंगत ठेवलेला. खाली पाण्यात आम्लता, क्षार, गढूळपणा आणि तापमान मोजणाऱ्या नळ्या, वर छोटं सौर पॅनेल, आत सिमकार्ड. डब्याने पाणी चाखायचं, आकडे काकांच्या मोबाइलवर पाठवायचे, आणि मोबाइलने ते नाल्याकाठच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचे. आकडे कोणी वाचणार नाही हे काकांना ठाऊक होतं, म्हणून सोबत एक गोळा. हिरवा म्हणजे पंप चालू करा, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे पाण्याला हात लावू नका. लाल गोळ्याबरोबर मोबाइलमधून भोंगा वाजायचा. तो त्यांनी प्लांटच्या भोंग्यासारखा हुबेहूब बनवून घेतला होता. भाजी बाजारात तो एकदा वाजला आणि दोन म्हातारे रिटायर गृहस्थ सवयीने ताठ उभे राहिले.

पहिल्या हंगामात गावाने डब्याची टिंगल केली. नाल्यातली म्हैससुद्धा डब्याला विचारून पाणी पिते, असं सरपंचांच्या भावाने ग्रुपवर लिहिलं. नंतर एकदा लाल गोळा आला तेव्हा काहींनी पंप थांबवला, काहींनी नाही. ज्यांनी नाही थांबवला त्यांची टोमॅटोची रोपं करपली. तेव्हापासून सकाळी गोळा पाहिल्याशिवाय कोणी बटण दाबेना. काकांना या गोष्टीचा आनंद व्हायला हवा होता. त्यांना झोप लागेना. आधी ते एकट्याच्या बाडीसाठी घाबरत, आता सगळ्या काठासाठी घाबरू लागले.

काकांच्या बांधाला लागून रमशीलाची बाडी. रमशीला म्हणजे पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. नवरा आजारी, मुलगा रायपूरला कामाला, घरात सून. सुनेचं नाव संतोषी. तिला दिवस गेले होते आणि अंगात रक्त कमी निघालं. गावची मितानिन, म्हणजे घरोघरी फिरणारी आरोग्य कार्यकर्ती, तिला रोज हिरवी भाजी खायला सांगून गेली. हिरव्या भाजीची रमशीलाकडे कमी नव्हती. पालकाचे वाफेच्या वाफे होते. संतोषी दोन वेळा पालक खाऊ लागली आणि काका हिवाळाभर त्या बांधावरून तिच्या ताटाकडे पाहून मनात आकडे लावू लागले.

आता जी चूक झाली ती समजण्यासाठी प्लांटमधली एक रीत सांगायला हवी. मोजणारी नळी साफ करायला बाहेर काढली की ती भलतेच आकडे दाखवते. भलता आकडा दिसला की भोंगे वाजतात आणि चालू काम थांबतं. म्हणून नळी काढण्याआधी तिला 'होल्ड'वर टाकतात. मग पडद्यावर शेवटचा खरा आकडा तसाच थिजून राहतो. साफसफाई झाली की होल्ड काढायचा. हे काम एकट्याने करायचं नसतं. एक जण साफ करतो, दुसरा शेजारी उभा राहतो आणि निघताना विचारतो, "होल्ड?" पहिल्याने बटणाला हात लावून म्हणायचं, "निघाला." हे विचारल्या-सांगितल्याशिवाय दोघांनी जागा सोडायची नाही.

काकांनी डब्यावर होल्डचं बटण बसवलं होतं. विचारणारा दुसरा माणूस बसवला नव्हता.

त्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांनी नळ्यांवरचं शेवाळ खरडलं, त्या परत पाण्यात सोडल्या, हात धुतले आणि घरी आले. पुढचे काही दिवस काकांना आम्ही कधी नव्हे असं पाहिलं. रोज हिरवा गोळा. पिवळासुद्धा नाही. भोंगा गप्प. मोबाइल माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "पाहा भाऊ. हलूनच नाही राहिलं. असं पाणी मी जिंदगीत नाही पाहिलं. आवडलं." हा शब्द त्यांच्या तोंडून गल्लीने पहिल्यांदा ऐकला. त्याच आठवड्यात ते गुपचुपच्या गाडीवर दिसले. मीटर खिशात होतं आणि त्यांनी पाणी मागून घेतलं. सगळ्या आयुष्यात काकांनी जेव्हा पहिल्यांदा विश्वास ठेवला, तेव्हा तो थिजलेल्या आकड्यावर ठेवला. त्यांच्यासारख्या माणसाला आकडा हलत नाही हेच संशयाचं वाटायला हवं होतं. पण इतकी वर्षं घाबरल्यावर माणसाला विश्रांती हवी असते, आणि ती मिळाली की तो तिच्याकडे निरखून पाहत नाही.

फोन रमशीलाचा आला. तिच्या पंपाच्या जाळीला बारकी मासळी मरून चिकटली होती आणि पालकाची टोकं भाजल्यासारखी तपकिरी झाली होती. काकांनी मोबाइल पाहिला. हिरवा गोळा. तिला म्हणाले, असं होऊच शकत नाही. मग मागचे आकडे वर सरकवत गेले. मी तेव्हा त्यांच्या फाटकाशी उभा होतो. त्यांनी स्कूटरवर बसायचा प्रयत्न केला, पण किल्ली लागेना. मी त्यांना मागे बसवून उतईच्या पुढे नेलं. वाटेत एकदा माझ्या खांद्यावरचा हात इतका घट्ट झाला की गाडी हलली.

डबा तसाच शांत तरंगत होता. काकांनी चपला न काढता नाल्यात पाय टाकला, डबा ओढून झाकण उघडलं आणि बटणाला बोट लावलं. ते खाली दाबलेलं होतं. त्यांनी ते वर केलं. खिशात भोंगा सुरू झाला. तो बंद करायला त्यांचा हात गेला नाही. शेवटी रमशीलाने त्यांच्या खिशातून मोबाइल काढून माझ्याकडे दिला. डबा सोडताना काका पाण्याकडे पाहून पुटपुटले, "विचारलंच नाही कोणी."

त्यांनी मोबाइल परत घेतला, नाल्याकाठीच उभं राहून ग्रुपवर लाल गोळा टाकला आणि खाली हिंदीत लिहिलं की गेल्या काही दिवसांचे हिरवे गोळे खोटे होते, दोष नाल्याचा आणि माझा आहे, डब्याचा नाही, कोणी भाजी तोडू नये आणि खाऊ नये. मी सुचवलं की आधी पाणी तपासून घ्यावं, मग लिहावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाठवायचं बटण दाबलं.

मग ते भाजी परत मागायला निघाले. दर आठवड्याला काका आपल्या बाडीतला पालक गल्लीत घरोघरी वाटत असत. त्या आठवड्याचाही वाटून झाला होता. हातात गोणपाटाची पिशवी घेऊन ते दारोदार गेले. आमच्याकडचा आदल्या संध्याकाळी खाऊन संपला होता. माझ्या बायकोने ते सांगितलं तेव्हा काका उंबऱ्यातच थोडा वेळ भिंतीला टेकले. तिने विचारलं, काही होईल का? काका म्हणाले, "एका वेळेनं काही नाही होत, सूनबाई." मला त्यांचा आवाज माहीत आहे. तो त्यांचा नॉर्मल म्हणतानाचा आवाज होता. माझ्या बायकोने त्या रात्री दोनदा उठून मुलीच्या कपाळाला हात लावला. मीही लावला.

कोपऱ्यावरच्या देशमुख वहिनींकडे पाहुणे बसले होते आणि पालक-पनीर टेबलावर आलं होतं. वहिनींनी आधी हसून टाळलं. काका हलले नाहीत. पाहुण्यांच्या ताटांकडे बघत म्हणाले, "पनीर राहू द्या वहिनी, पालक द्या." पाहुण्यांनी ताटं बाजूला केली. देशमुखांचं आणि काकांचं बोलणं त्यानंतर काही काळ बंद होतं. भाजी मात्र त्यांनी चाळणीतून गाळून दिली.

गावात चित्र वेगळं होतं. पालक, लाल भाजी, मेथी, तोडणीला आलेलं सगळं उभं होतं. काकांच्या एका संदेशाने वैशाली नगरच्या बाजारातल्या बायका भाजीला हात लावण्याआधी विचारू लागल्या, उतईकडची तर नाही ना? नाल्यापासून दूर राहणाऱ्यांचीही भाजी परत गेली. मंडळी चिडली. ती पाणी सोडणाऱ्या शेडवाल्यांवर चिडली नाही, कारण तिथे फाटकाला कुलूप आणि आत कुत्रा होता. एका सकाळी काकांच्या घराच्या फाटकाला निळा डबा दोरीने लटकवलेला सापडला. कागदावर लिहिलं होतं, डबा तुमचा, नाला आमचा. काकांनी डबा उतरवून घेतला, धुतला आणि पुन्हा जाऊन नाल्यात बांधून आले. बांधताना काठावर माणसं उभी होती. कोणी अडवलं नाही.

रमशीलाने आपला पालक नांगराखाली घातला. ती एकटीच होती जिने काकांना एक शब्द विचारला नाही. तिने न विचारलेला शब्द कोणता, ते काकांना माहीत होतं. संतोषीने तो पालक रोज, दोन वेळा खाल्ला होता.

काकांनी पाण्याचा आणि पानांचा नमुना तपासायला दिला. पाण्याचा निकाल लवकर आला, पाणी चांगलं. नमुना घेतला तोवर खराब लोट वाहून गेला होता, एवढाच त्याचा अर्थ. पानांचा निकाल बाहेरून यायचा होता. सरकारी माणसं येऊन नाला पाहून गेली. दुर्गच्या डॉक्टरीणबाईंनी संतोषीला तपासलं, सगळं ठीक दिसतंय म्हणाल्या. काकांनी तिथेच विचारलं की दिसतंय म्हणजे किती आत दिसतं. बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्या म्हणाल्या, बाळ हलतंय का तेवढं रोज लक्षात ठेवा. काकांनी ते लक्षात ठेवलं. त्या दिवसापासून संध्याकाळी संतोषीचा त्यांना फोन येऊ लागला.

या काळात काका घराबाहेर दिसेनासे झाले. मीनाने मला फोन करून सांगितलं की बाबा फोनवर नीट बोलत नाहीत, एकदा पाहून या. मी संध्याकाळी गेलो. दार उघडं होतं. काका स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवत होते. समोर ताटात भात, शेजारी गंजात हिरवी भाजी. फ्रीजचं दार नीट लागलेलं नव्हतं आणि आत ती गोणपाटाची पिशवी कोंबलेली दिसत होती.

"बसा भाऊ," ते म्हणाले. "तुमाले वाढत नाही, राग नका मानू."

मला समजायला थोडा वेळ लागला. गल्लीभर फिरून गोळा केलेला पालक त्यांनी फेकला नव्हता. देशमुखांकडच्या चाळणीतल्यासकट तो ते रोज शिजवून खात होते. मी विचारलं, हे काय चालवलंय. ते म्हणाले, लॅबवाल्यांना वेळ लागतो, आपल्याला काही काम नाही. मी म्हटलं की मुलाम्याच्या पाण्यातला धातू पोटात गेला तर चार दिवसांत काही दिसत नाही, हे तुम्हीच मला समजावलं होतं. तुम्हाला काही झालं नाही म्हणून तिलाही होणार नाही, असं ठरत नाही.

"मालूम आहे."

"मग कावून खाता?"

त्यांनी भात कालवला. घास घेतला नाही.

"ते पोरगी तिकडं पोटावर हात ठेवून बसली असन. का गेलं माह्या पोटात, का होईन. बाकीचे सारे समजवाले आहेत तिले. कोणी म्हणते काही होत नाही, कोणी म्हणते देव पाहून घेईन. पण भिवाले एकटीच आहे ना ते." मग घास घेतला. "मी खाल्लं, तर दोघं झालो."

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी उष्टा हात बाजूला धरून डाव्या हाताने तो स्पीकरवर टाकला. संतोषीचा आवाज बारीक होता आणि मागे बराच गलका.

"कका, आज घलो खेलत हे." आजही खेळतंय.

काकांचे खांदे खाली आले. तोवर ते वर होते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी विचारलं, मागे एवढा आवाज कसला? गावात त्या दिवशी मडई होती, वर्षाची जत्रा. ती काही बोलली नाही. काकांनी स्वतःच उत्तर काढलं आणि तिला हिंदीतून झापलं, ऐसी हालत में मेले में कोई जाता है क्या, भीड़ में धक्का लग जाए तो? ती म्हणाली, "हव कका." हो काका. फोन ठेवून काका मला म्हणाले, आजकालच्या पोरींना भीती म्हणून नाही. मग त्यांनी गंज पुढे ओढला आणि राहिलेली भाजी ताटात घेतली. जेवण त्यांना त्या दिवशी चांगलं गेलं.

पानांचा निकाल पुढे आला. धातू निघाला. फार नव्हता, पण नव्हता असंही नाही. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला आणि पूर्वीचंच सांगितलं. संतोषी थोडी आधीच बाळंत झाली. मुलगी. वजनाला कमी, रडायला खणखणीत. छट्ठीला, म्हणजे तिकडच्या सहाव्या दिवसाच्या समारंभाला, रमशीलाने काकांना बोलावलं. ते एकटे जायला धजेनात म्हणून मी सोबत गेलो.

अंगणात बायका सोहर, म्हणजे बाळजन्माची गाणी, गात होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला सुंठ-गुळाचं गरम कांके पानी दिलं जात होतं. काकांनी बाळाला हातात घेतलं नाही. लांबून पाहिलं, मग वाकून नखं पाहिली, ओठ पाहिले, बोटाने टिचकी वाजवून ते आवाजाकडे वळतं का पाहिलं. सहा दिवसांचं बाळ झोपलेलं होतं. ते वळलं नाही. काकांचा चेहरा उतरला. एका म्हातारीने त्यांना हात धरून बाजूला बसवलं आणि सांगितलं की लेकरू झोपलं की राजाच्या हाकेलाही वळत नाही.

मी चुलीजवळ पेला ठेवायला गेलो तेव्हा रमशीला मला थोडं आडोशाला घेऊन गेली. तिला फार वेळ नव्हता. ती म्हणाली, मडईच्या दिवशी सकाळपासून बाळ हललं नव्हतं. दुपारपर्यंत वाट पाहिली, मग गाडी करून सुनेला दुर्गच्या दवाखान्यात नेलं. तिथे गर्दी. व्हरांड्यात बाकावर बसवलं, मशीन लावायला अजून वेळ होता. संतोषी रडून राहिली होती. काकांना फोन करायची वेळ झाली तेव्हा ती म्हणाली, काय सांगू? रमशीलाने मोबाइल तिच्या हातात दिला आणि सांगितलं, खेळतंय म्हण. पोरीने पदराने तोंड पुसलं आणि म्हटलं. बाळाचे ठोके सापडले ते त्यानंतर बऱ्याच वेळाने.

मी विचारलं, का?

"कका अब्बड डर्राथे, भइया," रमशीला म्हणाली. काका फार घाबरतात. "एके झन रहिथे." एकटेच राहतात. मग तिने चुलीवरचं पातेलं ढवळलं. "ओला झन बताबे."

मी सांगणार नाही म्हटलं, आणि सांगितलेलं नाही.

बाहेर आलो तेव्हा काका खाटेवर बसून बाळाच्या आजोबांना समजावत होते. पोरगी सातव्या-आठव्या महिन्यात मडईला गेली होती, तेही एवढ्या गर्दीत. घरच्यांनी लक्ष द्यायला पाहिजे होतं, काही झालं असतं म्हणजे? आजोबा आजारी माणूस, पांघरुणात गुंडाळून बसलेले. ते सगळं ऐकून घेत होते आणि मान डोलावून म्हणत होते, हव, चूक झाली, पुढच्या वेळी लक्ष ठेवू.